अम्लोडिपिनवरचा खोटा आळ

युक्तिवाद इतका सरळ आहे की ऐकणाऱ्याला संशय घ्यावासा वाटत नाही. जंतू ओळखल्यावर कामाला लागण्यासाठी शरीराच्या संरक्षक पेशींना कॅल्शियम लागतं. हे कॅल्शियम पेशीच्या आवरणातल्या कॅल्शियम चॅनेलमधून आत येतं. अम्लोडिपिन, निफेडिपिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम ही रक्तदाबाची आणि हृदयाची औषधं कॅल्शियम चॅनेल बंद करतात. सबब, बीपीची गोळी रोज घेणारा माणूस स्वतःच्या हाताने आपली प्रतिकारशक्ती मोडीत काढतो. करोनानंतर हे तर्कट आरोग्यावरच्या व्याख्यानांत, सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यांवर आणि अधूनमधून बऱ्यापैकी शिकलेल्या माणसांच्या लेखनातही भेटतं. पाठोपाठ उपायही हजर असतो: ही गोळी हळूहळू सोडा आणि कॅल्शियमची सुरू करा.

यातली पहिली तीन विधानं खरी आहेत, आणि पंचाईत तिथेच आहे. निव्वळ थाप असती तर ती हसून सोडून देता आली असती. तीन खऱ्या विधानांच्या खांद्यावर बसून आलेलं चौथं खोटं विधान मात्र माणसाला गोळी बंद करायला लावतं. आणि ही गोळी काही आडवाटेची नव्हे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि या उपक्रमात बहुतेक ठिकाणी उपचाराची पहिली पायरी म्हणजे अम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खिडकीवर मिळणारी ही पट्टी कोणी अर्धवट सोडली, तर पक्षाघाताचा धोका व्याख्यात्याला नसतो, सोडणाऱ्याला असतो.

आधी हृदयाचं आणि रक्तवाहिन्यांचं चॅनेल पाहू. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे अल्ब्रेख्त फ्लेकेनश्टाइन यांनी 1960 च्या दशकात दाखवलं की व्हेरापामिलसारखी औषधं हृदयाच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाहीत. ज्या चॅनेलवर ही औषधं बसतात ते विद्युतदाबावर चालतं. पेशीच्या आवरणाची आतली बाजू एरवी बाहेरच्या तुलनेत ऋण असते. हा ऋणभार घटला की हे चॅनेल उघडतं, कॅल्शियम आत येतं आणि स्नायू आकुंचन पावतो. रक्तवाहिनीच्या भिंतीतलं हे आकुंचन अम्लोडिपिनने सैलावतं, म्हणून दाब उतरतो. काहींचे घोटे सुजतात, क्वचित हिरड्या वाढतात. या तक्रारी खऱ्या आहेत, त्या डॉक्टरांना जरूर सांगाव्यात.

आता टी-पेशी. रक्तातल्या या लिम्फोसाइटमध्ये हृदयासारखे विजेचे ठोके नसतात. कॅल्शियम मात्र तिला लागतंच, आणि तेही बेताने. बाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम साधारण 1.2 मिलिमोलर, स्वस्थ बसलेल्या टी-पेशीच्या आत ते 100 नॅनोमोलरच्या आसपास. म्हणजे बाहेर सुमारे दहा हजार पट जास्त. टी-पेशीच्या ग्राहीने ओळखीचा जंतूतुकडा पकडला की आत एकामागून एक प्रथिनं कामाला लागतात. एलसीके, झॅप-70, लॅट ही त्यांची नावं, आणि शेवटी फॉस्फोलायपेज सी-गॅमा हे विकर आवरणातल्या एका मेदाचे तुकडे करतं. त्यातला आयपी3 नावाचा तुकडा आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत पोचतो आणि तिथला कॅल्शियमचा साठा सुटतो. हा साठा लहान असतो, मिनिटाभरात संपतो. पेशीला मात्र तासन्‌तास चालणारा संकेत हवा असतो. तो बाहेरून आणावा लागतो, आणि खरी गंमत इथे आहे. बाहेरचं कॅल्शियम आत घेणारं चॅनेल विद्युतदाबाकडे पाहून उघडत नाही, आतला साठा रिकामा झाला की उघडतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी खाली गेलं की तरंगता गोळा उतरतो आणि तळमजल्यावरचा पंप आपोआप सुरू होतो, तशी ही रचना आहे.

जेम्स पुटनी यांनी 1986 मध्ये या स्वरूपाची कल्पना मांडली. मार्कुस होथ आणि राइनहोल्ड पेनर यांनी 1992 मध्ये मास्ट पेशीत या चॅनेलचा विद्युतप्रवाह मोजून दाखवला. अॅलर्जीत खाज आणि सूज आणणाऱ्या, हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी त्या याच. पण चॅनेल कोणत्या प्रथिनाचं बनलंय हे आणखी तेरा-चौदा वर्षं कोणालाच ठाऊक नव्हतं. 2005 मध्ये साठ्यातलं कॅल्शियम मोजणारं प्रथिन सापडलं, स्टिम1. 2006 मध्ये खुद्द चॅनेल सापडलं, ओराय1. साठा भरलेला असतो तेव्हा स्टिम1 च्या आतल्या टोकाला कॅल्शियम चिकटलेलं असतं. साठा रिता झाला की ते सुटतं, स्टिमचे रेणू गोळा होतात आणि आंतर्द्रव्यजालिका जिथे पेशीच्या आवरणाला अगदी खेटून असते, मध्ये काही नॅनोमीटरची फट, तिथे सरकतात. त्या जागी ओरायला हात लावून ते त्याला उघडतात. फळमाशीच्या ओरायची रचना 2012 मध्ये स्फटिकांवरून उलगडली. सहा तुकडे वर्तुळात, मध्ये अरुंद नळी. हृदयाच्या चॅनेलशी तिचं साम्य नाही, ना घडणीत ना वंशावळीत. एका वेळी एका ओरायमधून जाणारा प्रवाह इतका बारीक असतो की तो हृदयाच्या चॅनेलपेक्षा शेकडो पटींनी कमी भरतो. वर्षानुवर्षं तो मोजणाऱ्यांच्या हातून निसटत राहिला तो त्यामुळेच.

आता असा युक्तिवाद करणाऱ्यांनी एक प्रयोग डोळ्यांसमोर आणावा. तो जगभरच्या प्रयोगशाळांत अगदी नित्याचा आहे. टी-पेशीत फ्युरा-2 नावाचा रंग भरतात. कॅल्शियम चिकटलं की त्याचं चमकणं बदलतं, आणि 340 व 380 नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याचं प्रमाण मोजता येतं. बाहेरच्या द्रवातून कॅल्शियम काढून टाकतात आणि थॅप्सिगार्जिन घालतात. थॅप्सिया या भूमध्यसागरी वनस्पतीतला हा पदार्थ आंतर्द्रव्यजालिका पुन्हा भरणारा पंप अडवतो. पडद्यावर एक छोटा उंचवटा दिसतो, साठा गळून गेला. मग बाहेरच्या द्रवात 2 मिलिमोलर कॅल्शियम परत घालायचं. रेषा भिंतीसारखी वर चढते. ओराय उघडे आहेत. आता खरी कसोटी. द्रवातलं सोडियम काढून त्याजागी भरपूर पोटॅशियम घालायचं. पेशीच्या आवरणाचा ऋणभार जवळपास शून्यावर येतो. हृदयाच्या पेशीत इथे चॅनेल सताड उघडलं असतं. टी-पेशीत मात्र रेषा खाली येते.

कारण सरळ आहे. ओराय विद्युतदाबाने उघडतही नाही आणि बंदही होत नाही. पण धन भाराच्या कॅल्शियमला आत ओढणारा जोर आतल्या ऋणभाराचाच असतो. तो गेला की कॅल्शियमचं येणं मंदावतं. म्हणून टी-पेशीला तो ऋणभार टिकवावा लागतो, आणि हे काम केव्ही1.3 नावाचं पोटॅशियम चॅनेल करतं. जॉर्ज चांडी, मायकेल काहालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये ते टी-पेशीत शोधलं. थोडक्यात, जी घटना हृदयात कॅल्शियमला आत बोलावते तीच घटना लिम्फोसाइटमध्ये त्याला मागे सारते. अम्लोडिपिन ज्या यंत्रणेला धरतं ती यंत्रणा टी-पेशीच्या कॅल्शियमच्या वाटेवर उभीच नाही.

इथे विरोधक गप्प बसत नाही, आणि त्याने बसूही नये. त्याचा सर्वांत भक्कम मुद्दा असा: प्रयोगशाळेत टी-पेशींवर निफेडिपिन किंवा व्हेरापामिल टाकलं की त्यांची वाढ मंदावते, हे अनेकांनी पाहिलं आहे. खरं आहे. पण किती टाकलं, ते विचारा. या प्रयोगांत मात्रा मायक्रोमोलरच्या घरात असते, 10, 50, कधी 100. रोज 5 किंवा 10 मिलिग्रॅम अम्लोडिपिन घेणाऱ्याच्या रक्तात औषध असतं काही नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, म्हणजे 10-20 नॅनोमोलर, आणि त्यातलंही नव्वद टक्क्यांहून जास्त रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं. शेकडो ते हजारो पटींचा फरक झाला. एवढ्या मात्रेत औषध मूळ लक्ष्य सोडून भलतीकडेही बसतं. व्हेरापामिल आणि निफेडिपिन काही मायक्रोमोलरला केव्ही1.3 अडवतात, हे मोजून झालेलं आहे. पोटॅशियम चॅनेल अडलं की ऋणभार गेला, ऋणभार गेला की कॅल्शियम घटलं. निकाल तोच, पण त्याचं कारण ज्या चॅनेलवर आळ घेतला जातो ते नव्हे. शाई उडाली म्हणून पेन तपासायचं, कागद नाही, असा हा तपास आहे.

दुसरा मुद्दा उंदरांचा. हृदयातल्या चॅनेलच्या कुटुंबातले काही सदस्य टी-पेशीत आढळल्याचं अनेक गटांनी सांगितलं आहे. त्यांतलं कॅव्ही1.4 हे चॅनेल नसलेल्या उंदरांत टी-पेशी टिकत नाहीत असा निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. हे संशोधन कुठल्या हौशी कट्ट्यावरचं नाही, त्याला उत्तर द्यावं लागतं. उत्तर दोन दिशांनी येतं. माणसात कॅव्ही1.4 चं जनुक बिघडलेली मुलं आहेत. त्यांना जन्मजात रातांधळेपणाचा एक प्रकार असतो, कारण हे चॅनेल डोळ्याच्या पडद्यात काम करतं. ही मुलं नेत्रतज्ज्ञांकडे येतात. वारंवार न्यूमोनिया झाला म्हणून त्यांचं निदान होत नाही. दुसरं उत्तर 2022 चं, श्टेफान फेस्के यांच्या गटाचं. त्यांनी या कुटुंबातल्या एका साहाय्यक प्रथिनाचं, कॅव्हीबीटा1 चं जनुक टी-पेशीतून काढलं. विषाणूसंसर्गात त्या पेशी जास्त मेल्या, पुरेशा वाढल्या नाहीत. म्हणजे प्रथिनाला काम आहे. पण कॅल्शियमचा संकेत जसाच्या तसा राहिला. माणसाच्या आणि उंदराच्या टी-पेशींत विद्युतदाबाने उघडणारा कॅल्शियमचा प्रवाह त्यांना शोधूनही सापडला नाही, आणि जी जनुकं व्यक्त झालेली दिसली त्यांच्या आरएनएचे सुरुवातीचे बरेचसे भाग गायब होते. प्रथिन असणं ही एक गोष्ट आणि त्या प्रथिनाने चॅनेल म्हणून काम करणं ही दुसरी. एवढा विवेक ठेवला असता तर या वादाचं अर्धं बळ गेलं असतं.

तिसरा मुद्दा मला प्रामाणिकपणे मांडायला हवा, कारण तो क्वचितच कोणी मांडतं. टिमोथी सिंड्रोममध्ये हृदयाच्याच कॅव्ही1.2 चॅनेलचं जनुक बदललेलं असतं, आणि 2004 मधल्या वर्णनात हृदयाची अनियमित लय, जुळलेली बोटं यांच्यासोबत प्रतिकारशक्तीची कमतरताही नोंदवलेली आहे. पण इथे बिघाड उलट्या दिशेचा आहे. चॅनेल वेळेवर मिटत नाही, कॅल्शियम जास्त शिरतं. यावरून ‘चॅनेल अडवलं की प्रतिकारशक्ती जाते’ हे सिद्ध होत नाही. झालंच तर त्याच्या विरुद्ध काहीतरी होईल. शिवाय जन्मापासून अतिदक्षता विभागात वाढलेल्या, हृदयाच्या आजाराने त्रस्त बाळांना संसर्ग होण्याची इतर कारणंही भरपूर असतात.

खरं तर निसर्गाने हा प्रयोग आपल्यासाठी केलेला आहे, आणि त्याच्याकडे पाठ फिरवून हा वाद चालतो याचंच मला आश्चर्य वाटतं. ओराय1 सापडलं ते एका कुटुंबातल्या आजारी बाळांमुळे. त्यांच्या रक्तात टी-पेशींची संख्या नीट होती. नुसती मोजणी करणाऱ्या प्रयोगशाळेला काहीच वावगं दिसलं नसतं. पण त्या पेशी उत्तेजित केल्या तरी कॅल्शियमची रेषा सपाट राहायची. अंजना राव आणि श्टेफान फेस्के यांच्या गटाने त्या कुटुंबाच्या जनुकांचा माग आणि फळमाशीच्या पेशींतली जनुकचाळणी एकत्र जोडली, आणि 2006 मध्ये कारण हाती लागलं: ओराय1 च्या 91 व्या जागी आर्जिनिनऐवजी ट्रिप्टोफॅन. एक अमिनो आम्ल बदललं आणि चॅनेल कायमचं मिटलं. ज्यांचं हे चॅनेल बंद आहे अशा बाळांना पहिल्या काही महिन्यांतच जीवघेणे संसर्ग होतात, अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं नाही तर ती सहसा वाचत नाहीत. त्यांचे स्नायू ढिले असतात, घाम येत नाही, दाताचं एनॅमल नीट बनत नाही. लिम्फोसाइटचं कॅल्शियम चॅनेल खरोखर बंद झालं की माणूस असा दिसतो.

याच्याशेजारी अम्लोडिपिन घेणारा माणूस उभा करा. जगभर कोट्यवधी लोक ही गोळी दशकानुदशकं घेत आहेत. त्यांच्यात बालपणीच्या त्या आजाराची पुसटशी सावली तरी दिसायला हवी होती. तोंडातली न हटणारी बुरशी, एरवी माणसाला हात न लावणारे जंतू, फुप्फुसातले विचित्र संसर्ग. औषधसुरक्षेच्या नोंदींत घोट्याची सूज आहे, चेहरा लाल होणं आहे. हे नाही.

स्टिम1 नसलेल्या बाळांनी आणखी एक धडा दिलाय, आणि तो कॅल्शियमची गोळी सुचवणाऱ्यांसाठी आहे. या बाळांना संसर्ग होतातच, शिवाय त्यांची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लाल पेशी आणि प्लेटलेट्स नष्ट करू लागते. कारण इतरांना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशींनाही याच वाटेने कॅल्शियम हवं असतं. म्हणजे एकाच बिघाडात प्रतिकार एकीकडे तुटतो आणि दुसरीकडे उसळतो. ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं सांगणाऱ्याने आधी कोणती, हे सांगावं.

आणि आत जास्त कॅल्शियम म्हणजे जास्त लढाऊ पेशी, हेही खरं नाही. आत आलेलं कॅल्शियम कॅल्मोड्युलिनला चिकटतं, कॅल्सिन्युरिन जागं होतं, ते एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतं आणि एनफॅट केंद्रकात जातं. तिथे त्याला दुसऱ्या संकेताने आलेलं एपी-1 भेटलं तरच इंटरल्युकिन-2 सारखी लढाईची जनुकं सुरू होतात. दुसरा संकेत नसेल आणि नुसतं कॅल्शियमच वाढवलं, जसं आयोनोमायसिन टाकून करता येतं, तर टी-पेशी उलट सुन्न होते, पुढच्या हाकेला उत्तरच देत नाही. अंजना रावांच्या गटाने 2002 मध्ये दाखवलं की या सुन्नपणाची जनुकंही एकटं एनफॅटच चालू करतं. रिचर्ड लुइस यांच्या गटाने त्याआधीच, 1997-98 मध्ये, दाखवून दिलं होतं की कॅल्शियम किती उंच चढलं, किती वेळ राहिलं आणि किती वेळा वर-खाली झालं यावर कोणतं जनुक पेटेल हे ठरतं. मोठा पण थोडा वेळचा उंचवटा एका प्रथिनाला पुरतो, दुसऱ्याला नाही. म्हणूनच पेशी ओरायला मोकाट सोडत नाही. आत आलेलं कॅल्शियम त्याच चॅनेलला काही मिलिसेकंदांत मंद करतं. जवळ असलेल्या तंतुकणिका ते शोषून हा ब्रेक थोडा सैल करतात, आवरणातले पंप उरलेलं बाहेर फेकतात. एवढी काटेकोर मोजणी चालू असताना रक्तातलं कॅल्शियम परावटू ग्रंथी 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत बांधून ठेवते. हाडं ठिसूळ झाल्यावर कॅल्शियमची गोळी घ्या, जरूर घ्या. टी-पेशीला तिची खबरही लागत नाही.

या वादात तथ्याचा एक दाणा आहे, तोही काढून दाखवतो. टी-पेशीची कॅल्शियमची वाट जाणूनबुजून अडवणारी औषधं आहेत: सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस. ती चॅनेल बंद करत नाहीत. चॅनेलच्या पुढचं कॅल्सिन्युरिन बंद करतात. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेला रुग्ण ती घेतो, म्हणून गर्दीत मास्क लावतो. आता डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल घ्या. यकृतातलं जे विकर टॅक्रोलिमसचा निचरा करतं, सीवायपी3ए4, ते ही औषधं मंद करतात. मग रक्तात टॅक्रोलिमस साचतं आणि प्रतिकारशक्ती खरोखरच जास्त दबते. आपल्याकडे महागडी टॅक्रोलिमसची मात्रा कमी लागावी म्हणून काही ठिकाणी डिल्टियाझेम मुद्दाम सोबत देतात, रक्तातली पातळी मोजत मोजत. तेव्हा प्रत्यारोपण झालेल्या माणसाने बीपीची गोळी स्वतःहून सुरू, बंद किंवा बदलू नये. पण हा धोका यकृताच्या वाटेने येतो, लिम्फोसाइटच्या आवरणातून नव्हे, आणि जो टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन घेत नाही त्याला तो लागू नाही.

लिम्फोसाइटचं चॅनेल थेट अडवणारी औषधंही बनत आहेत. त्यातलं एक, झेगोक्रॅक्टिन, तीव्र स्वादुपिंडदाहात आणि करोनाच्या न्यूमोनियात शिरेतून देऊन तपासलं गेलं आहे. ओराय अडवायला असं वेगळं रसायन लागतं. अम्लोडिपिनने ते होत असतं तर औषध कंपन्यांनी वर्षानुवर्षं ओरायसाठी नवा रेणू शोधला नसता, स्वस्तातली जुनी गोळीच वापरली असती.

म्हणून या तर्कटाच्या समर्थकांकडे माझी मागणी साधी आहे. माणसाच्या रक्तातून टी-पेशी काढा. त्यांच्यावर रुग्णाच्या रक्तात असतं तेवढंच अम्लोडिपिन टाका, 20 नॅनोमोलर, त्याहून जास्त नाही. थॅप्सिगार्जिन देऊन साठा रिता करा, कॅल्शियम परत घाला आणि फ्युरा-2 ची रेषा घसरलेली दाखवा. केव्ही1.3 ला धक्का लागलेला नाही हेही त्याच पेशींत दाखवा. दोन्ही जमलं तर हा लेख मी मागे घेईन. तोवर 5 मिलिग्रॅमची पट्टी सोडायला सांगणाऱ्या प्रत्येकाने तो सल्ला कागदावर लिहून द्यावा आणि खाली आपला वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक घालावा.